पाटीवरची भाकर

दिवाळीचे आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकले, की काही दिवसांतच अमरावतीच्या रस्त्यांवर कापूस दिसू लागतो. बैलगाड्या पहाटेपासून बाजाराच्या दिशेने निघालेल्या असतात, आणि उन्हं वर आल्यावर पाहावं तर रस्त्याकडेच्या बाभळींना, तारांना, सायकलींच्या साखळ्यांना, एवढंच काय, आमच्या शाळेच्या घंटेलाही पांढरे पुंजके चिकटलेले. सरकी काढायच्या जीन सुरू झालेल्या असतात. हवेत सरकीचा आणि बैलांचा मिसळलेला वास असतो. थंडी धड पडलेली नसते आणि ऊन धड गेलेलं नसतं. सगळं शहर कुठेतरी निघालंय आणि मी एकटाच मागे राहिलोय, अशी माझी समजूत होते.

या दिवसांत मला घरात बसवत नाही. शाळेतून येतो, चहा घेतो, काढलेल्या चपला पुन्हा घालतो. बायको विचारते, "आता कुठे?" मी म्हणतो, "असाच." ती म्हणते, तुम्हाला कापसाची हवा लागली. मी म्हणतो, हो, लागली. मग आरशात पाहून मिशी नीट करतो, जणू मला कुणी खास बोलावलंय, आणि कापूस बाजाराच्या फाटकापर्यंत जाऊन, गाड्यांकडे पाहत जरा वेळ उभा राहून, परत येतो.

खरं कारण असं, की या हवेत मला भूक लागते. चाळिशी ओलांडलेल्या आणि घरी दोन वेळ सुग्रास जेवणाऱ्या माणसाच्या तोंडी हे शोभत नाही, म्हणून आजवर कुणाजवळ बोललो नाही. आता छापूनच टाकतो. ही भूक अकोल्याची आहे, आणि एकाच हंगामाची. तेव्हा मी तिशीतला होतो, अकोल्याच्या एका शाळेत मास्तर होतो, नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि बायको पहिल्या बाळंतपणाला अमरावतीला माहेरी गेली होती.

बायको माहेरी गेली की नवऱ्याला स्वातंत्र्य मिळतं, असं लग्न न झालेले लोक सांगतात. मला स्टोव्ह मिळाला. भुवई आणि भात दोन्ही जाळून मी खानावळीचा रस्ता धरला.

कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत गोदामावशीची खानावळ होती. खानावळ म्हणजे शेणाने सारवलेली एक लांब पडवी, भिंतीकडेने अंथरलेल्या तरटाच्या पट्ट्या, आत चूल, आणि त्या चुलीइतकीच तापलेली मावशी. उंच, हाडाने रुंद, आवाज असा की गल्लीच्या टोकाचा बैल कान टवकारायचा. नवरा फार पूर्वी गेला होता, मूलबाळ नव्हतं. वर्षातले आठ महिने तिच्याकडे आमच्यासारखे मूठभर मास्तर-कारकून जेवायचे. तेवढ्यावर चूल नुसती धुमसायची. खरी कमाई कापसाच्या चार महिन्यांची. खेड्यांतून गाड्या यायच्या, लिलावात आपली पाळी येईपर्यंत शेतकरी बाजारात अडकून पडायचे आणि दोन्ही वेळा मावशीच्या पडवीत बसायचे.

ताटाचा भाव एकच. दहा आणे द्या आणि पोटभर जेवा. तुरीचं घट्ट वरण, त्याच्यावर लसणाची चरचरीत फोडणी. तेलात पोहणारी वांग्याची भाजी. तुरीला दाणे भरले की हिरव्या सोल्यांची आमटी, जिचा वास मला अजूनही भर वर्गात, अपूर्णांक शिकवताना येतो. भाकरी चुलीवरून थेट ताटात पडायची, फुगलेली, वाफ सोडत. वरणात कधीकधी कापसाचा तंतू सापडे. दाखवला तर मावशी म्हणायची, "बाजूले काढून ठेवा जी. वाती होतील."

आणि आग्रह. आग्रह हा शब्दच थोडा पडतो. ते भांडण होतं. मावशी टोपली घेऊन ओळीतून निघाली की प्रत्येक ताटापाशी एक चकमक झडायची. माणूस 'नको' म्हणायचा, आणि मावशी त्याच्या सात पिढ्या काढत भाकर टाकायची. काहून जी, बायकोनं शपथ घातली का? एवढंसं खाऊन गाडी कोण हाकलंन, बैल? अशा शिव्या खात माणसं जेवायची, आणि उठताना त्यांच्या चेहऱ्यावर लढाई हरल्याचं समाधान असायचं. या कुस्तीतले सगळ्यात मोठे पहिलवान म्हणजे हंगामभर गाड्या घेऊन येणारे तेल्हाऱ्याकडचे पुंजाजी पाटील. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, पण 'नको, नको' करत ते भाकरींची चळत अशी संपवत, की शेजारी बसलेल्या कारकुनाला आपण माणसात आहोत की नाही अशी शंका यावी.

मास्तर-कारकुनांखेरीज मावशीकडे नेमाने येणारं शहरी माणूस आणखी एकच होतं, जठारपेठेतले माधवराव बॅरिस्टर. वडील नावाजलेले वकील. त्यांनी मुलाला विलायतेला पाठवलं आणि मुलगा परत यायच्या आधीच ते गेले. आई त्याही आधी गेलेली. आता त्या मोठ्या घरात एकटे माधवराव, त्यांचा लोकरी कोट आणि अजून न आलेले पक्षकार. ते खानावळीत का येतात याबद्दल गल्लीत दोन मतं होती. एक, घरी रांधणारं कोणी नाही. दुसरं, इथे शेतकरी भेटतात, आणि शेतकरी म्हटला की धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आलंच. कोट सावरत ते तरटावर मांडी घालायला लागले की गुडघा कटकन वाजायचा आणि पुंजाजी म्हणायचे, बालिष्टर आले.

बालिष्टर बोलू लागले की भाकरी निवायच्या. त्यांचा आवडता विषय पब. पब म्हणजे काय, हे सांगताना पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. दारूचं दुकान, पण घरासारखं, असं ते म्हणाले. दारूबंदीच्या जिल्ह्यात हे ऐकून पडवी एकदम शांत झाली आणि मावशी हातात वरणाची कडची घेऊन बाहेर आली. मग त्यांनी घाईने खुलासा केला, की तिथे जेवायलाही मिळतं. शेकोटी असते, लाकडी बाकं असतात, म्हातारे एका पेल्यावर संध्याकाळ काढतात, आणि भिंतीवर काळी पाटी असते, तिच्यावर खडूने एकेक पदार्थ आणि त्याच्यासमोर त्याचा भाव. पावाचे दोन काप आणि मधे चीज. सोबत सिरक्यात मुरवलेला कांदा. मांसाचं सारण कोंबून भाजलेली कणकेची वाटी. पाण्यात उकडलेली कोबी. काचेच्या बरणीत, इस्पितळात ठेवतात तसं, तरंगणारं अंडं. बटाट्याचे तळलेले काप पुडीत मिळतात, त्यांचं मीठ निळ्या कागदात वेगळं बांधलेलं असतं, ते आपलं आपण टाकून घ्यायचं.

निळ्या कागदातलं मीठ पडवीला फार आवडलं. चीज पटलं नाही.

पुंजाजींनी त्या चीजपावाचा भाव विचारला. माधवराव म्हणाले, एक शिलिंग, म्हणजे आपले साधारण अकरा आणे. पुंजाजींचा घास हातात राहिला. दोन पाव अन् नासलेल्या दुधाची वडी अकरा आण्याले, आणि त्यात पोट भरते का, असं त्यांनी विचारलं. पोट भरत नाही, हे माधवरावांनी मान्य केलं.

"मंग लोकं जातात काहून?"

माधवरावांनी कोट सावरला. म्हणाले, तिथे माणसं असतात, ऊब असते.

"ऊब पाह्यजे त् चुलीजवळ बसा," मावशी म्हणाली. "तिचे पैसे नाही घेत मी."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत हा सगळा पब करून दाखवला. नकाशांचं कपाट हा काउंटर, मी त्यामागची मालकीण, आणि चित्रकलेचे मास्तर बरणीतलं अंडं. माझे पुष्कळ प्रयोग फसले आहेत, पण पबचा प्रयोग त्या हंगामात कितीतरी वेळा झाला.

त्याच हंगामात मावशीच्या समोर हॉटेल निघालं. संगमरवरी टेबलं, खुर्च्या, रेडिओ, भिंतीभर आरसे. कापूस विकून खिसा गरम झालेल्या माणसाला आरशात पाहत जेवावंसं वाटतं. तिथलं वरण पातळ होतं आणि पोळीतून पलीकडचं माणूस दिसायचं, पण खुर्ची होती. झालं असं, की ज्यांना थोडं खायचं होतं ते खुर्चीवर गेले, आणि ज्यांना पोटभर खायचं होतं ते सगळे मावशीकडे उरले. त्यातच डाळ महागली. भाव वाढवावा तर समोर रेडिओ वाजतोय. मूर्तिजापुराहून भावाचा निरोप आला, की एवढा हंगाम पाहा, नाही जमलं तर खानावळ मोड आणि इकडे ये. तुझे दोन घास आम्हाला जड नाहीत. मावशीने हे आम्हाला चुलीकडे तोंड करून सांगितलं. कुणी तरी म्हणालं, भाऊ चांगला आहे. मावशी हो म्हणाली, आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

पाटीची कल्पना माधवरावांची. पबमधल्यासारखी पाटी लावा, प्रत्येक जिनसाचा भाव वेगळा, जो जेवढं खाईल त्याने तेवढं द्यावं. कमी खाणाऱ्याला समोर जायचं कारण उरणार नाही आणि पाटलांसारख्यांनी टोपली फस्त केली तरी तोटा नाही. पुंजाजींनी यावर नाराजीने पाहिलं, पण हिशेबात खोट काढता येईना. मावशीला तर कल्पना अशी आवडली, की तिने त्याच क्षणी मला पाटी आणायला पिटाळलं. हेडमास्तरांना सांगून मी शाळेतली एक टाकून दिलेली पाटी आणली. माझं अक्षर वळणदार. वर वेल काढली, वेलीला कापसाची बोंडं काढली, आणि रंगीत खडूंनी पोळीपासून ठेच्यापर्यंत सगळा संसार मांडला. मावशीला वाचता येत नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून पाटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भाकर कोणती?" मी बोट दाखवलं. तिने त्या अक्षरांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू कडा करपल्या की काय ते बघत होती.

आता आमच्या मुलखाची एक रीत सांगितली पाहिजे. वऱ्हाडी माणूस बोलायला सडेतोड. पुण्याच्या पाहुण्याला त्याच्या पहिल्याच वाक्याने घाम फुटतो. पण हाच माणूस पानावर बसला की नव्या नवरीसारखा लाजतो. वाढणारा आला की पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं, मग पोटात वणवा का पेटलेला असेना. पहिल्याच विचारण्याला 'वाढा' म्हणणारा हावरट ठरतो; अशाने जुळत आलेल्या सोयरिकी मोडल्याचं मी ऐकलंय. दुसरं नको जरा हळू म्हणायचं. त्यानंतर वाढणाऱ्याने विचारायचं नसतं, नुसतं वाढायचं असतं. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या मांडीवर बसून खाताना ती अंगात उतरते, आणि म्हणूनच ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

पाटी लागल्यावर भाकरीला भाव आला. मावशी टोपली घेऊन यायची, विचारायची, आणखी? पुंजाजी म्हणायचे, नको. आणि मावशी पुढे जायची.

पुढे न जाऊन काय करील? कालपर्यंत शिव्या देत टाकलेली भाकर ही माया होती. आज तशीच टाकली तर तिचा आणा मागावा लागणार. माणूस नको म्हणतोय, त्याच्या ताटात माल ढकलायचा आणि वर पैसे घ्यायचे, हे तिच्या तोंडून होईना. ती एकदा विचारायची, उत्तर घ्यायची आणि निघायची. आम्ही बसून राहायचो. थोडा वेळ ताटातल्या रेघोट्यांकडे पाहायचो, मग उठून हात धुवायचो. गंमत म्हणजे यातलं काहीही आम्हा कुणाला उमजलं नाही. मला वाटलं, माझी भूक मंदावली. कारकुनांना वाटलं, पाणी बाधलं. पुंजाजींना वाटलं, म्हातारपण आलं.

खानावळीतून निघून मी कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाडीपाशी थांबायचो. तिथे पुंजाजी आधीच उभे असत. आम्ही एकमेकांना ओळख न देता मिरचीभजी खायचो, आणि तोंड पुसून वेगवेगळ्या दिशांना जायचो.

त्या दिवसांतला बाजार मला अजून दिसतो. अर्धपोटी माणसांचा बाजार. गाडीवानांना एका जागी बसवेना. कुणी जू काढतोय आणि पुन्हा बांधतोय, कुणी बैलाच्या शिंगांना उगाच तेल चोळतोय, कुणी आपल्या कापसाच्या ढिगाभोवती चक्कर मारून परत तिथेच येतोय. अडत्यांशी भांडणं वाढली. रुई नाकातोंडात जायची, उन्हाने डोळे चुरचुरायचे, जिनचा भोंगा वाजला की सगळे एकदम उठून उभे राहायचे आणि मग कशाला उठलो ते न कळून पुन्हा बसायचे. मीही वर्गात खुर्चीवर बसेना. मुलांना वाटे, मास्तर बाप होणार म्हणून असे करतात.

तिकडे मावशीच्या भांड्यांत अन्न उरू लागलं. वरण थिजून दगड व्हायचं, ते ती संध्याकाळी बाजारातल्या बैलांना घालायची. तिची समजूत झाली, की जेवण बिघडलं. मग ती चाखू लागली. पूर्वी तिने कधी काही चाखलं नव्हतं. वासावर तिला सगळं कळायचं. आता एका भाजीत ती पाच वेळा बोट बुडवायची. कधी मिरची वाढवायची, कधी तेल, कधी दोन्ही. भाजीला इतकी लाल तर्री सुटू लागली, की माधवराव खाताना चष्मा काढून ठेवत. आणि मावशी शिव्या देईनाशी झाली. ओळीतून इतकी मुकाट जायची, की वाटावं एखाद्या परक्या घरात वाढायला आली आहे.

रविवारी मी अमरावतीला जायचो. पॅसेंजरने बडनेरा, तिथून दुसरी गाडी. सासूबाईंकडे जेवणाचा मामला अगदी उलट. जावयाचं पहिलं नको त्यांच्या कानापर्यंत पोचतच नसे, दुसरं नको म्हणेपर्यंत वाटी भरलेली असे. बायको दाराआडून हसायची. तिचे दिवस भरत आले होते, आणि जेवण झाल्यावर उठताना आम्हा दोघांनाही आधार लागायचा. परतीच्या गाडीत मात्र मूर्तिजापूर आलं की मी खिडकीतून बाहेर पाहत राहायचो. मावशीचा भाऊ कसा दिसतो हेही मला ठाऊक नव्हतं, तरी फलाटावरच्या प्रत्येक पागोट्यात मी त्याला शोधायचो. इथल्या कुठल्याशा घरात मावशीसाठी एक पाट मांडून ठेवलाय, या विचाराने मला भरल्या पोटी अस्वस्थ व्हायचं. गाडी हलली की बरं वाटे. मग अकोला यायचं आणि पुन्हा तेच.

परवा इथल्या एका नव्या उपाहारगृहात गेलो होतो. टेबलावर छापील भावपत्रक, पांढऱ्या कपड्यांतला वाढपी. डोसा खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, और कुछ साहब? मी म्हटलं, नाही. तो बिल घेऊन आला. चूक त्याची नव्हती. तरी मी खिशात हात घालून उगाच बसून राहिलो, एखादं शेवटचं माणूस गाडीतून उतरायचं राहिलंय म्हणून टांगा थांबावा तसा.

मावशीकडे हे सगळं बाहेर पडलं ती दुपार सोमवारची. मी आदल्या रात्रीच्या गाडीने अमरावतीहून आलो होतो. पडवीत बरीच माणसं होती. पुंजाजी, त्यांच्या शेजारी माधवराव, मग मी. मावशीने पुंजाजींना विचारलं, ते नको म्हणाले. माधवरावांना विचारलं, ते नको म्हणाले. मी नको म्हटलं. माझ्यापुढच्या माणसाकडे मावशी गेलीच नाही. तिने टोपली खाली ठेवली.

"संक्रांत झाली का चूल विझवते मी," ती म्हणाली. "मूर्तिजापूरले चालली मी. लोकायले जेवनच आवडत नाही त् कायले धूर खावा? हात गेला माहा."

समोरच्या हॉटेलात रेडिओ वाजत होता. मग पुंजाजी खाली पाहत म्हणाले, जेवण चांगलं आहे. मंग खात काहून नाही, असं मावशीने विचारलं. पुंजाजी म्हणाले, बस झालं म्हणून. एवढं बोलताना त्यांच्या पोटातून जो आवाज आला, तो पडवीत सगळ्यांनी ऐकला.

माधवरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मावशी, पाटील उपाशी आहेत," ते म्हणाले. "मीही उपाशी आहे. मास्तर तर तुमच्याकडून निघून कोपऱ्यावर भजी खातात."

माझी वेळ आली की माझा प्रवेश नेहमी असाच होतो. मी ताटात पाहिलं. मावशी माझ्याकडे पाहते आहे हे मला न पाहता कळत होतं.

मग माधवरावांनी पबची ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी आजवर सांगितली नव्हती. लंडनला पोचले त्या आठवड्यात, दिवसभर काही न खाता ते पहिल्यांदा पबमध्ये शिरले. पाटी वाचली. काउंटरमागच्या बाईकडून चीजपाव घेतला. तो चार घासांत संपला. बाईने विचारलं, आणखी काही? ते म्हणाले, नको. आणि तिथेच उभे राहिले.

"उभे कायले राह्यले?" मावशीने विचारलं.

"ती पुन्हा विचारेल म्हणून."



"तिने फडक्याने काउंटर पुसला आणि दुसऱ्या माणसाकडे गेली," माधवराव म्हणाले. "तिचं काही चुकलं नाही. तिकडे नको म्हणजे नकोच. मला ते माहीत होतं. पण तोंड अकोल्याचं. तीन वर्षं मी पहिल्यांदा नको म्हणत राहिलो, मावशी, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही."

पुंजाजींनी मान वर केली. म्हणाले, मग इतके दिवस त्या पबाचं कौतुक कशाचं करत होते? माधवराव हसले. वडिलांनी एवढे पैसे घातले होते पाटील, ते म्हणाले, परत आल्यावर काहीतरी चांगलं सांगावं लागतं.

मावशी टोपलीशेजारी खाली बसली. तिला असं बसलेलं मी त्या हंगामात पाहिलं नव्हतं. बराच वेळ ती सारवणावरचा कापसाचा एक तंतू बोटाने सरळ करत होती.

"भावाच्या घरी बी पहिल्याच नकोले थांबतात," ती म्हणाली. "मागच्या दिवाईले गेलती मी. भावजय विचारे, वन्सं, आखीन पोई? मी म्हनो, नको. थे डबा झाकून टाके. वाईट नाही थे. तिले वाटे, नणंद कमी खाते." मग म्हणाली, "तिथं काय जन्मभर राहाचं आता?"

हा प्रश्न तिने कुणाला विचारला ते कळलं नाही. उत्तर मात्र तिनेच दिलं. उठली, पोतेऱ्याचं फडकं घेतलं आणि पाटी पुसली. माझी वेल गेली, बोंडं गेली. भाकर गेली तेव्हा तिने जरा जास्तच जोर लावला. मग वळून सांगितलं, की ताटाचा भाव आजपासून बारा आणे. पोटभर.

यावर पुंजाजी ताडकन सरळ झाले. दहाचे एकदम बारा म्हणजे लूट आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मावशी म्हणाली, आहे. कुणी एका कारकुनाने मधे तोंड घालून सांगितलं, की बारा आणे म्हणजे पंच्याहत्तर नवे पैसे. त्यावर पुंजाजी म्हणाले, नव्या पैशात सांगू नका, जास्त वाटते. समोर यापेक्षा स्वस्त आहे, असंही त्यांनी ऐकवलं. मावशीने त्यांना समोर जायला सांगितलं आणि ताटात भाकर टाकली. जातोच म्हणत त्यांनी ती मोडली. ताटावर दोन्ही हात आडवे धरून ते भावासाठी भांडत होते, आणि मावशी त्यांच्या हातांवरच भाकरी ठेवत होती, त्यांच्या कंजूषपणावरून त्यांच्या आज्याचा उद्धार करत. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला असणार. शेवटी साडेअकरा आणे मागत, तोंडात घास असलेले पुंजाजी एकटे पडले. पडवीतल्या बाकी सगळ्यांनी बारा कबूल केले होते, कारण त्यांना बोलायला तोंड रिकामं नव्हतं.

संक्रांत आली आणि गेली. मावशी मूर्तिजापूरला गेली ती फक्त तिळगूळ द्यायला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली. समोरचं हॉटेलही चालत राहिलं. ज्यांना आरसा हवा होता ते तिथे बसत. डाळ महागच राहिली. कधी मावशीच्या वरणात पाणी वाढायचं, तेव्हा ती स्वतःच ओरडून सांगायची, आज पातळ आहे, बोलू नका. पुंजाजींनी धुऱ्याची केस माधवरावांना दिली. माघात मला मुलगी झाली आणि दोनेक वर्षांनी माझी बदली अमरावतीला झाली. मावशीने पुढे बरेच हंगाम चूल पेटती ठेवली, आणि अकोल्यात तिच्याच पडवीत, तिच्याच मर्जीने म्हातारी झाली.

पण त्या सोमवारचं शेवटचं सांगायचं राहिलं. पुंजाजींशी भांडून झाल्यावर मावशी टोपली घेऊन माधवरावांसमोर आली. ते सावरून बसले. इतकं सगळं नुकतंच सांगून झालं होतं, सगळ्यांनी ते ऐकलं होतं, तरी तिची सावली ताटावर पडताच त्यांच्या तोंडून निघालंच.

"नको, मावशी."

हातातला घास तसाच धरून आम्ही सगळे पाहत होतो. मावशीने चांगली फुगलेली एक भाकर निवडली, त्यांच्या ताटात ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली.

"तुमाले विचारलं कोनं?" ती म्हणाली.